टेस्ट कामाची घ्या की राव

१९९१ साली मी बँक भरती बोर्डाची क्लार्कची परीक्षा दिली. सेंटर कोल्हापूरला एका शाळेत होतं, बाक इतके बुटके की गुडघे छातीला लागत होते. गणित झालं, इंग्लिश झालं, रीझनिंग झालं आणि मग 'क्लेरिकल अ‍ॅप्टिट्यूड' नावाचं एक प्रकरण समोर आलं. डावीकडे एक नाव-पत्ता, उजवीकडे परत तोच नाव-पत्ता, दोन्ही सेम आहेत का नाहीत एवढंच सांगायचं. म्हणजे इकडे ४१७ शनिवार पेठ आणि तिकडे ४७१ शनिवार पेठ, असं काहीतरी. कुलकर्णीचं स्पेलिंग एकीकडे एक, दुसरीकडे दुसरं. असले ढीगभर प्रश्न आणि वेळ इतका कमी की विचार करत बसलात तर गेलात. घरी येऊन बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "हे तर मुलांच्या मासिकात असतं तसं फरक ओळखा. बी.कॉम. कशाला झालास मग?"

मलाही तेव्हा तसंच वाटलं. पण नोकरी लागली आणि पहिल्याच महिन्यात एका संध्याकाळी बॅलन्स टॅली होईना. सगळे पाखरासारखे घरी जायला टपलेले आणि माझ्यामुळे अडकलेले. हेडक्लार्क होते, त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. त्यांनी मान वर न करता विचारलं, फरक किती? म्हटलं नव्वद. "नऊने भाग जातोय म्हणजे आकडे उलटे पडलेत. ५४३६ चे ५३४६ केले असतील कोणीतरी, शोध." शोधलं तर अक्षरशः तेच निघालं, आणि ते कोणीतरी म्हणजे मीच होतो. तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला की तो येडपट वाटणारा पेपर म्हणजे या कामाची रंगीत तालीम होती. ४१७ आणि ४७१ मधला फरक ज्याला पळत्या नजरेने दिसत नाही त्याने बँकेत बसू नये, साधी गोष्ट.

हे आत्ता आठवायचं कारण माझी भाची, तिचं पुढे सांगतो. पण तिच्यामुळे मी ऑफिसात माणसं घेताना मानसशास्त्राच्या टेस्ट घ्यायची ही आयडिया मुळात कुणाच्या डोक्यातून आली ते वाचत बसलो आणि माझं एक मत पक्कं झालं, ते आधीच सांगून टाकतो. टेस्ट घेणं वाईट नाहीच, उलट टेस्ट नसताना जे चालायचं ते भयंकर होतं. पण टेस्ट त्या कामाची पाहिजे. माणूस आतून कसा आहे याची टेस्ट घ्यायचा अधिकार नोकरी देणाऱ्याला कोणी दिला?

टेस्ट नसताना काय चालायचं तर आपल्याकडे वशिला, चिठ्ठी, 'आपल्यातला आहे' वगैरे. अमेरिकेतही वेगळं नव्हतं, फक्त तिकडे त्याला शास्त्राचा मुलामा होता. १९१० च्या दशकात तिकडे कॅथरीन ब्लॅकफर्ड नावाच्या बाई फार फॉर्मात होत्या. त्यांचं म्हणणं की माणसाच्या केसांचा रंग, कातडीचा रंग, चेहऱ्याची ठेवण बघून त्याला कुठलं काम द्यायचं ते ठरवता येतं. सोनेरी केसवाले धडाडीचे, पुढे पुढे करणारे, आणि काळे-तपकिरी केसवाले शांत, चिकाटीचे, बारीकसारीक कामाला बरे. कंपन्या हे विकत घेत होत्या! आपण हातावरच्या रेषा बघणाऱ्याला हसतो पण त्याला निदान पर्सोनेल ऑफिसर म्हणून कोणी ठेवत नाही. १९२२ मधे डोनाल्ड पॅटर्सन आणि कॅथरीन लडगेट या दोघांनी साधा हिशोब केला, लोकांना म्हटलं तुमच्या ओळखीतले दोन सोनेरी केसांचे आणि दोन काळ्या केसांचे घ्या आणि त्यांच्यात कुठले कुठले गुण आहेत त्याच्यावर खुणा करा. दोन्हीकडे जवळपास सारखंच निघालं. हा पॅटर्सन लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

बरं, केस सोडा, अनुभवी मॅनेजर समोरासमोर बसून इंटरव्ह्यू घेतात ते तरी? वॉल्टर डिल स्कॉट म्हणून नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातला मानसशास्त्रज्ञ होता, त्याने १९१५ च्या सुमाराला सहा मॅनेजरांना ३६ उमेदवार दिले, सेल्समनच्या नोकरीचे, आणि प्रत्येकाने स्वतंत्रपणे क्रम लावायचा असं सांगितलं. ३६ पैकी २८ जणांच्या बाबतीत हा वरच्या निम्म्यात की खालच्या निम्म्यात यावरच त्या सहा जणांचं एकमत होईना. हॉलिंगवर्थ नावाच्या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाने १९२२ मधे जे आकडे छापले ते तर याहून भारी आहेत, १२ सेल्स मॅनेजर आणि ५७ उमेदवार, आणि त्यातला एक उमेदवार असा की एका साहेबाने त्याला पहिला नंबर दिला आणि दुसऱ्याने सत्तावन्नावा. म्हणजे शेवटचा. तोच माणूस, तेच कपडे, तीच उत्तरं. हे आकडे वाचल्यावर 'मी माणूस बघताक्षणी ओळखतो' म्हणणाऱ्या प्रत्येक साहेबाबद्दल मला दया येते, आणि त्याच्यासमोर बसलेल्याबद्दल जास्त.

तर या गोंधळात टेस्ट आल्या, आणि पहिल्या टेस्ट खरंच कामाला धरून होत्या हे मला मुद्दाम सांगायचंय. बॉस्टनच्या टेलिफोन कंपनीची गोष्ट घ्या. ह्यूगो म्युन्स्टरबर्ग, मूळचा जर्मन, हार्वर्डमधे प्रोफेसर. (यांचाच एक विद्यार्थी नरेंद्रनाथ सेनगुप्ता पुढे कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग उभा करायला होता, तेव्हा हा धागा आपल्याकडेही लवकरच आला.) त्या काळी फोन लागायचा म्हणजे एक्स्चेंजमधली पोरगी हाताने वायर जोडायची. म्युन्स्टरबर्गने मोजलं की गिऱ्हाईकाने रिसीव्हर उचलल्यापासून लाईन तोडेपर्यंत त्या पोरीच्या डोक्यात आणि हातात मिळून १४ वेगवेगळ्या क्रिया होतात, आणि असे तासाला साधारण दीडशे कॉल, गर्दीच्या वेळी दोनशेच्याही वर. कंपनीचं दुखणं असं की पोरींना पगार देऊन शिकवायचं आणि त्यातल्या कितीतरी जणी काही महिन्यांतच दमून सोडून जायच्या किंवा जमत नाही म्हणून काढाव्या लागायच्या.

मग त्याने ट्रेनिंगमधल्या तीसेक पोरींना घेऊन टेस्ट केल्या. आकडे वाचून दाखवायचे, आधी चार आकडी मग पाच आकडी असे वाढवत वाढवत, आणि आठवून लिहायला लावायचं. पत्त्यांच्या पानांचे गठ्ठे लावायला द्यायचे. मला सगळ्यात आवडलेली टेस्ट म्हणजे प्रत्येकीच्या हातात त्याच दिवसाच्या वर्तमानपत्राचं पहिलं पान, आणि सहा मिनिटांत त्यातले सगळे 'ए' पेन्सिलने खोडायचे. बास. डोळ्यासमोर आणून बघा, खोलीभर पोरी, कागदाची सळसळ, बातमी वाचायची नाही, अर्थ लावायचा नाही, फक्त एक अक्षर हुडकायचं. ज्याला बातमी वाचायचा मोह होतो तो इथे गेला. मी नक्कीच गेलो असतो.

आता यात गंमत अशी की कंपनीचा या प्रोफेसरावर फारसा विश्वास नव्हता. त्यांनी त्याला न सांगता त्या नव्या पोरींमधे आपल्या काही मुरलेल्या, उत्तम ऑपरेटर मिसळून दिल्या होत्या. रिझल्ट लागला तर या मुरलेल्या बायका यादीत वर! मला या गोष्टीत प्रोफेसरापेक्षा कंपनीचं जास्त कौतुक वाटतं. कारण टेस्टची टेस्ट घेतली पाहिजे हे त्यांना कळलं होतं. आज किती कंपन्या आपल्याच पाच चांगल्या माणसांना गुपचूप ती टेस्ट द्यायला बसवतात आणि बघतात ते किती पाण्यात आहेत?

तसंच पॅरिसच्या ज्याँ-मारी लाही या मानसशास्त्रज्ञाचं. त्याने टायपिस्ट लोकांचा अभ्यास करून १९१३ मधे निष्कर्ष मांडले. आपण कोणीही छातीठोक सांगू की चांगला टायपिस्ट म्हणजे चपळ, आवाज झाला की दचकून रिअ‍ॅक्ट होणारा. लाहीला उलटं दिसलं, चांगल्या टायपिस्टची रिअ‍ॅक्शन काही जलद नव्हती, महत्त्वाचं होतं ते वाक्य लक्षात ठेवणं आणि लक्ष टिकवून धरणं. म्हणजे काम नीट बघितल्याशिवाय कामाला काय लागतं हे साहेबाला पण कळत नाही आणि शास्त्रज्ञाला पण नाही.

आणि तो पॅटर्सन. सोनेरी केसांचं भूत उतरवणारा हाच माणूस पुढे मिनेसोटात डोरोथी अँड्र्यूबरोबर बसून क्लार्कची टेस्ट बनवतो, १९३३ च्या आसपास. त्यात काय? आकड्यांच्या जोड्या आणि नावांच्या जोड्या, सेम आहेत का वेगळ्या ते सांगा. झालं ना डोक्यात? कोल्हापूरच्या त्या बुटक्या बाकावर माझ्यासमोर जे आलं ते याच घराण्यातलं. आपल्याकडे बँकांसाठी असल्या परीक्षा घ्यायचं काम आधी नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बँक मॅनेजमेंटच्या पोटात १९७५ ला सुरू झालं आणि १९८४ ला त्याची वेगळी संस्था झाली, तीच आयबीपीएस, जिच्या नावाने आज गावोगाव क्लास चालतात. या परीक्षांना लोक पाठांतराची म्हणतात, रट्टा म्हणतात, त्यात तथ्य आहेच. पण सांगली-साताऱ्याच्या, ज्याच्या घरात कोणी बँकेची पायरी चढलं नव्हतं अशा पोराला कुणाच्या चिठ्ठीशिवाय खुर्ची मिळाली ती या असल्या कागदामुळे. माझ्या बॅचला असे निदान चार जण होते, त्यातला एक मी.

मग बिघडलं कुठे? माझ्या मते पहिल्या महायुद्धात. १९१७ ला अमेरिका युद्धात उतरली, रॉबर्ट यर्कीज या मानसशास्त्रज्ञाने आणि मंडळींनी सैन्यासाठी आर्मी अल्फा नावाची टेस्ट काढली, इंग्लिश न येणाऱ्यांसाठी बीटा, आणि युद्ध संपेपर्यंत सतरा लाखांच्या आसपास लोकांना ती दिली गेली. आता ही टेस्ट कुठल्या कामाची? कुठल्याच नाही. ती 'बुद्धी'ची. आणि त्यातले प्रश्न बघाल तर हसू येईल, क्रिस्को म्हणजे औषध, जंतुनाशक, टूथपेस्ट की खाण्याचा पदार्थ? (ते तिकडचं डालडा.) अमुक माणूस लेखक, चित्रकार, बेसबॉलवाला की नट? म्हणजे इटलीहून कालपरवा बोटीने उतरलेला माणूस याच्यात ढ ठरणार आणि न्यूयॉर्कच्या किराणा दुकानात वाढलेला हुशार. आपल्याकडे मराठवाड्यातल्या पोराला 'मुंबईतलं मालाड कुठल्या लाईनवर' विचारून त्याची अक्कल काढण्यातला प्रकार.

पण युद्ध जिंकलं आणि टेस्टची हवा झाली. सैन्यात चालली म्हणजे ऑफिसात का नाही? स्कॉटने १९१९ मधे या कामाची कन्सल्टिंग कंपनीच काढली, बाकी बाजारात तर पीक आलं. कंपन्यांनी धडाधड टेस्ट घेतल्या आणि दोनचार वर्षांत बऱ्याच जणांनी गुंडाळूनही ठेवल्या, कारण आर्मीवाल्या टेस्टमधे वर आलेला क्लार्क खतावणीत वर येईलच असं काही दिसेना.

याच काळातली मॅरियन बिल्स या बाईंची पाहणी मला फार महत्त्वाची वाटते, कारण त्यात ऑफिसचं खरं पोट उघडं पडतं. १९२३ मधे त्यांनी क्लार्क लोकांचे बुद्धीच्या टेस्टचे मार्क आणि ते नोकरीत टिकतात की नाही याची सांगड घालून बघितली. निघालं काय तर हलक्या, त्याच त्या कामावर ठेवलेली हुशार माणसं कंटाळून सोडून जातात. यात नवल काही नाही, आपल्या आज्जीनेही सांगितलं असतं. पण कंपनीने यातून काय धडा घ्यावा? हुशार माणसाला लवकर वरचं काम द्या, हा एक. किंवा मग फाईल लावायच्या कामाला फार हुशार माणूस घेऊच नका, हा दुसरा, आणि स्वस्तातला. इथे टेस्टचा अर्थच फिरला. तोपर्यंत पाटी अशी होती की लायक माणूस वर यावा, आता जास्त मार्क पडले म्हणूनही नाव कटू शकतं. आणि हे ज्याचं कटलं त्याला कोणी सांगणार नाही, तो बिचारा घरी बसून विचार करणार आपलं काय चुकलं.

पुढची पायरी म्हणजे बुद्धी पण नको, स्वभावच मोजा. तुम्हाला पार्टीत मजा येते का, तुम्ही एकटे असताना उदास होता का, तुमचं आईवर जास्त प्रेम की वडिलांवर. अमेरिकन कंपन्यांत हे इतकं बोकाळलं की १९५६ मधे विल्यम व्हाइट नावाच्या पत्रकाराने या टेस्टमधे चीटिंग कसं करायचं याचं एक परिशिष्टच आपल्या पुस्तकाला जोडलं. थोडक्यात, सगळ्या बाबतीत मधलं, गुळमुळीत उत्तर द्या. सत्तर वर्षं होत आली त्याला.

आता भाची. बी.कॉम. झाली, टॅली येतं, एक्सेल माझ्यापेक्षा दसपट चांगलं. पुण्यात एका कंपनीत अकाउंट्सच्या जागेला अर्ज केला. पहिली फेरी ऑनलाईन, आणि त्यात हिशोबाचा एक प्रश्न नाही! 'मला अनोळखी लोकांशी बोलायला आवडतं', पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत, असे शंभराच्या वर. पोरगी सरळमार्गी, तिने खरं खरं लिहिलं की नाही आवडत. दोन दिवसांनी मेल, आपली प्रोफाईल आमच्या गरजेशी जुळत नाही. कुठली गरज? जीएसटीचे रिटर्न भरणाऱ्या पोरीने अनोळखी लोकांशी काय बोलायचंय? कोणाला विचारणार, खाली लिहिलेलं की या मेलला रिप्लाय करू नका. ती चार दिवस जेवताना गप्प होती आणि मग आईला म्हणाली, "माझा स्वभावच वाईट आहे का गं?" गणितात नापास झालं तर माणूस गणित परत करतो. स्वभावात नापास झाल्यावर काय करायचं?

कोर्टाने या प्रश्नाला हात घातलेला आहे, आपल्याकडे नाही, अमेरिकेत. नॉर्थ कॅरोलायनात ड्यूक पॉवर नावाची वीज कंपनी. तिच्या डॅन नदीवरच्या प्लँटमधे काळ्या लोकांना फक्त मजुरीच्या खात्यात घ्यायचे, सगळ्यात कमी पगार तिथे. २ जुलै १९६५ ला नागरी हक्क कायद्याचं नोकरीबद्दलचं कलम लागू झालं आणि अगदी त्याच दिवशी कंपनीने नियम काढला की चांगल्या खात्यात नवीन यायचं तर आधीपासूनच्या हायस्कूल सर्टिफिकेटच्या अटीबरोबर आता दोन टेस्टही पास पाहिजेत. योगायोग बघा हां! त्यातली एक वंडरलिक, १२ मिनिटांत ५० प्रश्न. ही टेस्ट वंडरलिक नावाच्या माणसाने १९३० च्या दशकात केली, तो एका कर्ज देणाऱ्या कंपनीत पर्सोनेलचं बघायचा. ऑफिसातली टेस्ट कोळशाच्या यार्डात लावली. काळे कामगार कोर्टात गेले आणि १९७१ मधे सुप्रीम कोर्टाने एकमताने कंपनीच्या विरुद्ध निकाल दिला. कोर्टाने नेमकी गोम पकडली, की ज्यांना जुने म्हणून सर्टिफिकेट आणि टेस्टशिवाय त्या खात्यांत राहू दिलंय ती माणसं काम व्यवस्थित करतायत, मग ही चाळणी कशासाठी? टेस्ट घ्यायची तर माणूस त्या कामाला कसा आहे ते मोजा, नुसता माणूस म्हणून कसा आहे ते मोजू नका, असं सरन्यायाधीश बर्गर यांनी लिहिलं. तुमचा हेतू वाईट नव्हता असं सांगून भागणार नाही, टेस्टचा कामाशी संबंध आहे हे कंपनीने दाखवायचं.

यावर एचआरवाले एक उत्तर देतात आणि ते अगदीच हवेतलं नाही. ते म्हणतात जनरल अ‍ॅबिलिटीची, म्हणजे एकूण बुद्धीची टेस्ट कुठल्याही कामाला थोडीफार लागू पडते हे संशोधनाने सिद्ध आहे, श्मिट आणि हंटर यांनी १९९८ मधे ८५ वर्षांच्या अभ्यासांची मोट बांधून ते दाखवलं. बरोबर आहे. पण त्याच यादीत प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेण्याची टेस्ट तिच्याही थोडी वरच होती, आणि २०२२ मधे पॉल सॅकेट आणि मंडळींनी तेच हिशोब परत तपासले तर जनरल अ‍ॅबिलिटीचा आकडा बराच खाली आला आणि सगळ्यात वर कोण, तर सगळ्यांना तेच ठरलेले, कामाबद्दलचे प्रश्न विचारणारा इंटरव्ह्यू. मग अकाउंट्सच्या पोरीला वीस व्हाउचर आणि एक लॅपटॉप द्यायला काय जातं? खर्च येतो म्हणतील. शंभर प्रश्नांची स्वभाव-टेस्ट हजार पोरांना एका क्लिकमधे जाते आणि नऊशे नावं आपोआप गळतात, खरी सोय ती आहे. सोय असू दे, पण मग तिला शास्त्र म्हणू नका. आणि ज्याला काढलं त्याला कुठल्या कारणाने काढलं आणि ते कारण कामाच्या कुठल्या भागाशी जोडलेलं आहे हे लेखी द्या, मागितल्यावर तरी. सरकारने एवढा एक नियम केला तरी निम्म्या स्वभाव-टेस्ट दुसऱ्या दिवशी बंद पडतील असं मला वाटतं, कारण लिहायला काही नसेलच.

भाचीचं पुढे काय झालं तर तिला मैत्रिणींनी शहाणं केलं. पुढच्या कंपनीत परत तसलीच टेस्ट आली, तिने दणादण लिहिलं की मला अनोळखी लोक आवडतात, मला दबावाखाली काम करायला आवडतं, मला बदल आवडतो. लागली नोकरी. गेल्या महिन्यात रात्री नऊला फोन, ऑफिसमधेच होती अजून, आवाज रडवेला. "मामा, दोनशे सत्तरचा फरक येतोय, दोन तास झाले शोधतेय. तू ते नऊचं काहीतरी सांगायचास ना?" म्हटलं दोनशे सत्तर जातोय नऊने, आकडे उलटे पडलेत बघ कुठेतरी, शतकाच्या आणि दशकाच्या घरात शोध. दहा मिनिटांनी तिचा मेसेज आला, ४७४० चे ४४७० झाले होते.